बारक्याची चप्पल

चि. चिऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, डीपीवर तुमच्या शेजारी बसलेत ते कोण? आणि तुम्ही रडताय की डोळ्यांवर ऊन आलंय?" मी म्हणालो, ऊन. तू हसलीस आणि विषय मेसच्या पातळ आमटीवर गेला. दुसऱ्या दिवशी चौथीला शुद्धलेखन घालताना मनात आलं, एकोणीस वर्षांत या पोरीला आपण दिलेली निम्मी उत्तरं अशीच उन्हाची आहेत. अनंत चतुर्दशीच्या रात्री मी पडवीत पहाटेपर्यंत का बसतो, तर ऍसिडिटी. आजोबांचं गाव लातूरहून तासाभरावर असून आपण तिथं कधीच का गेलो नाही, तर रस्ता खराब. तू दुसरीत असताना कोयनेचा एक किरकोळ धक्का बसला होता, मांडणीवरची भांडी नुसती किणकिणली. मी तुला झोपेतून उचलून अंगणात नेलं आणि उजाडेपर्यंत घरात पाऊल ठेवू दिलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "गुरुजी, चिपळुणात हे नेहमीचंच." त्याला मात्र माझ्याकडे उत्तर सुचलं नव्हतं.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण मधे माझा आवाज बदलला की तू म्हणणार, "बाबा, राहू दे." आणि मी राहू देणार. कागदावर तसं होत नाही.

डीपीतला माणूस ढाण्या. त्याचं खरं नाव तुला तोच सांगेल. शाळेत त्याला सगळे ढाण्याच म्हणायचे, कारण पाचवीत असताना तो रानात वाघ बघितल्याची थाप पचवून गेला होता. तो, मी, आणि केसांना पाणी लावून भांग पाडणारा एक जण, त्याला आम्ही हिरो म्हणायचो, असे आम्ही तिघं. आणि या तिघांच्या मागं सतत ढाण्याचा धाकटा भाऊ बारक्या. सात वर्षांचा, दुसरीत.

आपलं गाव तेरणेच्या काठचं. किल्लारी सायकलवर अर्ध्या तासाची. मी सांगतोय ते जुन्या गावाचं. तिथं घरं एकमेकांना पाठ लावून उभी असायची. आमची आणि ढाण्याची मधली भिंत एकच. भिंती दोन-अडीच हात रुंद. बाहेरून दगड, आतून दगड, आणि मधे मातीची न् कपच्यांची भर. वर लाकडाच्या तुळया, फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचं माळवद. पावसाळ्याच्या तोंडावर दरसाल माळवदावर नवी माती टाकायची. जुनी कुणी काढायचं नाही. आमच्या माळवदावरून त्यांच्या माळवदावर सरळ चालत जाता यायचं. मे महिन्यातसुद्धा आत गारवा. लातूरला स्लॅबखाली भाजून निघताना तुझी आजी अजून त्या गारव्याची आठवण काढते. पण तो गारवा किती मणांचा होता, हे तेव्हा कुणी मोजलं नव्हतं.

गोष्ट १९९३ ची. आदल्या वर्षी पावसाळा सरता सरता जमिनीतून गुडगुड ऐकू यायला लागली होती. ऑक्टोबरात एक धक्का जरा मोठा बसला, किल्लारीत भिंतींना तडे गेले. लोक घाबरून बाहेर झोपायला लागले. आम्हा पोरांना ती मजाच होती, अख्खी गल्ली एका रांगेत खाटा टाकून. पण माणूस अंगणात किती दिवस झोपणार? थंडी पडली, खाटा आत गेल्या. वर्षभरात गुडगुड सवयीची झाली. माझे आजोबा तिला "खालचा पाहुणा" म्हणायचे.

त्या वर्षी २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. आम्ही दहावीत. मंडळाचा गणपती तेरणेत बुडवून परत यायला अकरा वाजून गेले. चांदणं असं पडलं होतं की ताशाच्या काड्या कुठं पडल्या तेसुद्धा दिसत होतं. पहाटे मांडव सोडायचा, कापड न् बांबू किल्लारीच्या मंडपवाल्याकडे पोचते करायचे, म्हणून आम्ही तिघांनी मारुतीच्या पारापाशी मांडवातच झोपायचं ठरवलं. झोपायचं म्हणजे पत्ते खेळायचे. बारक्या हटून बसला, मी पण इथंच राहणार. त्याच्यापुढं पत्ते खेळले असते तर सकाळी त्यानं सगळ्या गल्लीला सांगितलं असतं. तेव्हा ढाण्या मला म्हणाला, "सोडून ये की रे ह्याला घरी. माझं ऐकंना झालाय." मी उठलो, बारक्याचं मनगट धरलं, त्याला घरी नेऊन सोडलं आणि परत येऊन पत्ते हातात घेतले.

पहाटे तीन वाजून छपन्न मिनिटं, हे नंतर कळलं. मला आठवतो तो आवाज. जणू जमिनीखालून कुणी शंभर ट्रक दगड एकदम ओतले. मांडव अंगावर आला. कापड आणि बांबू, त्यानं काय होणार? कापडातून डोकं बाहेर काढलं तर चंद्र नव्हता. अख्ख्या गावाची पांढरी उठून वर गेली होती. थोडा वेळ काहीच ऐकू येत नव्हतं, कुत्रंसुद्धा नाही. मग सगळंच ऐकू यायला लागलं.

पुढचं मी भरभर लिहितो. आम्ही हातांनी उकरलं, कारण फावडी आणि टिकावही घरांतच गाडले गेले होते. माझे आई, बाबा आणि काका गोठ्यावरच्या पत्र्याखाली झोपले होते, गाय व्यायला झाली होती म्हणून. तुझे आजीआजोबा आज आहेत ते त्या गाईमुळं. माझे आजोबा गेले, आजी गेली. ढाण्याचे वडील राखणीला शेतावर होते, ते वाचले. त्याची आई, आजी आणि बारक्या दुपारनंतर सापडले. बारक्या आईच्या कुशीत होता. याहून जास्त मला लिहायचं नाही.

मग पाऊस लागला. सरण कमी पडलं तेव्हा घरांच्याच तुळया आणि दारं रचली. किती माणसं गेली याचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरातला, लोक दहा हजार म्हणतात. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावं ५२. हे सगळं तू कधीही शोधून वाचू शकतेस. तुला जे कुठं सापडणार नाही ते एवढंच, की त्या पावसात, धुरात, ढाण्या माझ्याकडे न बघता म्हणाला, "तूच नेऊन सोडलास."

त्यानंतर तीस वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

आता तुला वाटेल, एका गावात राहून हे कसं जमलं. जमलं, कारण गावच उरलं नव्हतं. आधी पत्र्याची शेडं आली. रांगा पाडलेल्या; ते एका टोकाला, आम्ही दुसऱ्या. शाळाही पत्र्याखालीच भरायला लागली. गुरुजींनी नवीन हजेरीपट केला आणि त्यात क्रमांक सलग घातले. माझा हजेरी क्रमांक तेवीस होता, तो सतरा झाला. मधली सहा पोरं कुठं गेली, हे त्या वहीत कुठं दिसत नव्हतं. आज मी स्वतः हजेरीपट लिहितो तेव्हा कळतं, त्या माणसानं रोज सकाळी सहा नावांपाशी अडखळू नये म्हणून ते केलं असणार. तेव्हा मात्र मला त्यांचा फार राग आला होता.

मग जागतिक बँकेच्या कर्जातून नवीन गाव बसलं. घरं मिळाली ती जमिनीच्या हिशोबानं: भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतवाल्यांना अडीचशे चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत चारशे, त्याहून जास्त असेल तर साडेसातशे. आमच्या वाट्याला चारशे आलं, ढाण्याच्या वडिलांना अडीचशे. आणि अडीचशेवाल्यांच्या रांगा वेगळ्या, चारशेवाल्यांच्या वेगळ्या. ज्यांच्या घरांना तीन पिढ्या एक भिंत होती त्यांच्यामधे आता पाच मिनिटांचा डांबरी रस्ता आला. घरं मजबूत होती, त्याबद्दल वाद नाही. तरी कित्येकांनी त्या पक्क्या घराला लागून पत्र्याचं छप्पर टाकलं आणि वर्षानुवर्षं झोपले त्याच्याखाली. डोक्यावर स्लॅब नको. तुझे आजोबाही त्यातलेच. लातूरला तुझ्या काकाकडे राहायला गेले तेही तळमजला आहे याची खात्री करूनच.

ढाण्याला तर मी नव्या गावात पाहिलाच नाही. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली बाराशे मुलं शिकायला पुण्याला नेली, त्यांत तो गेला असं ऐकलं. वडील एकटे, घरात रांधायला कुणी नाही, दुसरं काय करणार? मी डी.एड. केलं आणि २००० साली शिक्षणसेवक म्हणून रत्नागिरी जिल्ह्यात आलो, महिना तीन हजारांवर. मराठवाड्यातून कोकणात आलेला प्रत्येक शिक्षक पहिल्या दिवसापासून आंतरजिल्हा बदलीची वाट बघतो. माझ्याबरोबर आलेले सगळे हळूहळू परत गेले. मी अर्जच भरला नाही. स्टाफरूममधे म्हणायचे, सरांना मासे मानवले. तुझ्या आईचं माहेर लातूरचं. तिनं सुरुवातीची पाच-सहा वर्षं दर मे महिन्यात विचारलं, मग विचारणं सोडून दिलं. तिनं मला याबद्दल माफ केलेलं नाही, आणि का करावं? तिला कारण तरी मी कुठं सांगितलं होतं. ते या दिवाळीनंतर सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच होतं तर वीस वर्षांपूर्वी सांगायचं, मी स्वतः जाऊन त्याला घेऊन आले असते." आणि खरंच आणलं असतं तिनं.

यंदा तीस वर्षं झाली. आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सऍप गट आहे. तो चालवते पहिल्या बाकावरची एक जण, आता गावातच अंगणवाडी सांभाळते. तिनं दिवाळीच्या सुट्टीत स्नेहमेळावा ठरवला. मी नेहमीसारखं हात जोडल्याचं चित्र टाकून मोकळा झालो. तर तिचा फोन आला. "तो येणार हाय. तू येतोस का विचारायलाय. येणार नसशील तर तसं तूच त्याला कळीव, मी काय निरोप्या नाही." नंबर पाठवला आणि फोन ठेवून दिला. तो नंबर मी चार दिवस नुसता बघत होतो. मग फोन न करताच निघालो. कुंभार्ली घाट, कराड, सोलापूर, उमरगा. एसटीत अख्खी रात्र जागा होतो. तुला सांगितलं होतं, आजोबांची तब्येत बघायला चाललोय.

मेळाव्याचं फार सांगत नाही, तसलेच असतात ते. हारतुरे, शाल, माईकची किरकिर, आणि प्रत्येकाचं "ओळखलंस का?" मुलींमधल्या दोघी नातवंडं घेऊन आल्या होत्या. आमची बॅच पंचेचाळिशीची, आणि नातवंडं! गुरुजी थकलेत, खुर्चीतूनच दोन शब्द बोलले. मी त्यांना हजेरीपटाचं विचारणार होतो, विचारलं नाही.

ढाण्या मागून आला. केस गेलेत, पोट सुटलंय. मला म्हणाला, "का रे, मासे खायलास का नाही कोकणात?"

"खातो."

"माळकऱ्याच्या घरचा तू."

बस. तीस वर्षांनी एवढंच. जेवायला पंगतीत तो समोर बसला. मी ठेचा वाढून घेतला, त्यानं नको म्हटलं, त्याला आता पथ्य आहे. पुण्यात, चिंचवडला एका कारखान्यात फिटर आहे, दोन मुलगे आहेत, वडील २००९ मधे गेले. हे सगळं तो हिरोला सांगत होता, मी ऐकत होतो. हिरो सध्या उमरग्यात मोबाइलचं दुकान चालवतो आणि केस काळे करतो. हात धुताना ढाण्या म्हणाला, "चला, जुन्या गावात जाऊन येऊ." आम्ही तिघं निघालो.

जुनं गाव आता वेड्या बाभळीचं रान आहे. भिंतींचे चांगले दगड लोकांनी केव्हाच नेले. राहिलेत ते खालचे ढीग, त्यावर घाणेरी. शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्यानं लांबूनच ओरडून सांगितलं, "पेवं हायती, बघून पाय टाका!" पूर्वी जमिनीत धान्याची पेवं असायची, त्यांची तोंडं गवतानं झाकली गेलीत. मारुतीचा पार मात्र आहे. पिंपळही आहे, उलट वाढलाय. आम्ही पारावर टेकलो. हिरोनं तंबाखू मळली. बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग ढाण्या उठला, पॅंट झटकली आणि मला म्हणाला, "बारक्याला घेऊन तू हितनं निघालास. पुढं सांग."

मला कळलं नाही. मी म्हणालो, काय सांगू?

"वाटंनं काय बोलला ते."

चिऊ, तीस वर्षं मी एका भांडणाची तयारी करत होतो. तो काय म्हणेल, मी काय म्हणेन, "तूच मला सांगितलंस" हे कुठल्या शब्दांत म्हणेन, सगळं तोंडपाठ होतं. आणि त्याला हवं होतं ते दुसरंच. त्याच्या भावाची शेवटची दहा मिनिटं माझ्याजवळ होती, दुसऱ्या कुणाहीजवळ नव्हती, आणि ती घेऊन मी कोकणात जाऊन बसलो होतो.

मी चालायला लागलो. गल्ल्या राहिलेल्या नाहीत, पण पाय विसरत नाहीत. चावडी होती तिथं थांबलो आणि सांगितलं, इथपर्यंत तो एक अक्षर बोलला नाही, रुसला होता. इथं आल्यावर म्हणाला, "पुढच्या वर्षी मला ताशा देशील?" मी देतो म्हणालो. त्यानं शपथ घ्यायला लावली. विद्येची नको म्हणाला, विद्येची सगळेच खोटी घेतात, आईची घे. मी घेतली. पुढं वाण्याचं दुकान होतं. तिथं बाभळ आडवी आलीय, हिरोनं काठीनं बाजूला धरली. इथं त्यानं विचारलं, गणपती बुडल्यावर उंदीर पण बुडतो का. मी म्हणालो, पोहतो. ते त्याला पटलं नाही.

मग आमच्या गल्लीचं तोंड. तिथं मी थांबलो आणि मला पुढं बोलता येईना. ढाण्या वाट बघत राहिला. शेवटी मी सांगितलं. इथं तो मटकन खाली बसला. म्हणाला, चपलीचा अंगठा तुटला, मला उचलून घे. आणि मी घेतलं नाही. मला परत जायची घाई होती, पत्ते वाटून ठेवले होते. मी म्हणालो, "चाल गुमान." मग तो उठला, ती चप्पल हातात घेतली आणि एका पायानं लंगडत घरापर्यंत आला. ढाण्याच्या आईनं दार उघडलं. मला म्हणाली, रात झाली, तू पण हितंच पड. मी नको म्हणालो. बारक्या मागं वळून न बघता आत गेला.

मी दर चतुर्दशीला पडवीत बसून जे बघतो ते हे. मी त्याला घरी सोडलं, हे नाही. ते कुणीही सोडलं असतं. पन्नास पावलं त्याला खांद्यावर घ्यायला माझं काय जात होतं?

ढाण्या माझ्याकडं बघत होता. म्हणाला, "अंगठा तुटला मनला?"

"हो."

"तुटला नव्हता लेका." आणि तो हसायला लागला. "खालनं बटन काढायचा स्लिपरचं. बोटानं वढून काढायचा आणि तुटला मनून बसायचा. बाजारातनं येताना दर खेपंला. मी खांद्यावर घेतला की वर बसून बटन परत घालायचा, मला कळंल मनून हळूच." हसता हसता तो दगडावर बसला, आणि मग ते हसणं राहिलं नाही. मी त्याच्या शेजारी बसलो. "तुला पण फसीवला," असं तो दोन-तीनदा म्हणाला. हिरोला काय सुचेना, त्यानं मोबाइल काढून फोटो घेतला. असल्या वेळी फोटो काढणाऱ्यांचा मला एरवी राग येतो. तोच डीपीवर आहे.

परत येताना मी धीर करून विचारलंच. म्हटलं, पण सोडून ये असं मला तूच सांगितलं होतंस ना? तो चालता चालता थांबला. "मी? मी कशाला सांगीन? तूच उठलास. मनलास, मी सोडून येतो, मला पाणी प्यायला घरी जायचंच हाय." मी म्हटलं, नाही रे. तो म्हणाला, हाव रे. आम्ही हिरोकडं बघितलं. हिरो म्हणाला, मला पत्ते आठवतात, माझ्याकडं दोन एक्के होते. माझी पक्की खात्री होती, चिऊ. इतकी वर्षं त्याच एका वाक्याच्या आधारावर तर उभा होतो. आता खात्री नाही. त्यालाही नसावी, कारण पुढं तो काही बोलला नाही.

"तूच नेऊन सोडलास" हे म्हटल्याचं त्याला आठवतही नाही. "मनलो असंल," एवढंच म्हणाला. आणि मग सहज, जसं काही दुसऱ्याच कुणाचं सांगतोय तसं म्हणाला, "पुण्याला जायच्या आदी दोनदा तुमच्या शेडापर्यंत आलतो. इचारायला. दोन्ही बारीला तू घरी नव्हतास."

मी मान हलवली.

पहिल्या वेळचं माहीत नाही. दुसऱ्या वेळी मी घरी होतो. पत्र्याच्या आणि जमिनीच्या मधे फट असायची, तिच्यातून मला बाहेर त्याचे पाय दिसत होते. तुझ्या आजीला मी खुणेनं सांगितलं, नाही म्हण. ती म्हणाली, रानात गेलाय. ते पाय बराच वेळ तिथंच होते.

हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तुझ्या आईलाही नाही. तुला पहिल्यांदा लिहितोय, आणि लिहिताना दोनदा कागद फाडलाय. त्याला मीच सांगणार आहे, फोनवर नाही, समोर बसून. तेव्हा तू त्यातलं काही बोलू नकोस, कारण तुमची भेट आमच्या आधी होणार आहे. त्याला मी तुझ्या वसतिगृहाचा पत्ता दिलाय. चिंचवडहून तो येत्या रविवारी सकाळी येणार. मी म्हटलं, दहा वाजता जा, पोरगी रविवारी उशिरा उठते. म्हणजे तो साडेआठला फाटकाशी उभा असेल. काका म्हण. धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी आणतोय, खोलीतल्या मुलींसाठीसुद्धा पुरेल इतकी, वहिनींना त्यानं कालपासून कामाला लावलंय. पथ्य सांगत असला तरी त्याला चहा साखरेचाच लागतो, थोडा दे.

आणखी एक. नव्या गावात स्मारकाचा दगड आहे, त्यावर गेलेल्यांची नावं कोरलीत. मेळाव्याच्या दिवशी सकाळी, कुणी यायच्या आधी, मी तिथं जाऊन बारक्याचं नाव शोधलं. सापडेना. वरून खाली दोनदा वाचलं. मग लक्षात आलं, शाळेत घातलेलं त्याचं नाव मला माहीतच नाही. रोज मागं फिरणारं पोर, आणि मी त्याला कधी दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. संध्याकाळी ढाण्यानं मला तिथं नेलं आणि बोट ठेवून दाखवलं. तिसऱ्या रांगेत आहे. छान नाव आहे. मी इथं लिहीत नाही, तू काकालाच विचार. चहा झाल्यावर विचार, म्हणजे त्याला घाई नसेल.

थंडी पडायला लागली असेल, स्वेटर ट्रंकेत तळाशी ठेवू नकोस. आई पुढच्या आठवड्यात कुळीथ पीठ पाठवतेय.

तुझा,
बाबा